आषाढी एकादशीला रेडिओवर दिवसभर काय लावायचं?

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. आषाढीला पहाटे पाच ते रात्री दहा असं सलग प्रसारण करायचं ठरलंय. माणसं चार, त्यातले दोन विद्यार्थी. व्यवस्थापनाचं म्हणणं, दिवसभर भक्तिगीतं लावा. केंद्र सांभाळणाऱ्या ताईंना ते पटत नाही. त्यांना विविध कार्यक्रम करायचे आहेत, पण सुरुवात कुठून करायची आणि चार जणांत ते कसं निभवायचं, हे त्यांनी विचारलंय.

आकाशवाणीच्या कार्यक्रम विभागात माझी नोकरी झाली आणि सणावारांच्या प्रसारणाची आखणी बराच काळ माझ्याकडे होती. त्या अनुभवावर सविस्तर लिहितो.

दिवसभर भक्तिगीतं लावू नका, हे आधी सांगतो. त्या दिवशी देवळाच्या कर्ण्यावर अभंग असतात, टीव्हीवर असतात, शेजारच्या घरातून येतात, प्रत्येकाच्या फोनवर असतात. सकाळी नऊपर्यंत कान भरलेला असतो. तेच अभंग तुम्ही लावलेत, तर तुमचं केंद्र सुरू आहे की बंद, हेही कुणाच्या लक्षात येणार नाही. पण दुसरं टोकही तितकंच वाईट. वैविध्य हवं म्हणून अर्धा तास प्रश्नमंजूषा, अर्धा तास उपवासाचे पदार्थ, मग मुलाखत, मग फोनवरच्या फर्माइशी अशी खिचडी केली की दिवसाचं सूत्र हरवतं. ऐकणाऱ्याला एकादशी जाणवतच नाही.

वैविध्य कार्यक्रमांच्या प्रकारात शोधू नका, ऐकणाऱ्याच्या दिवसात शोधा. तिथी एकच असली तरी पहाटे पाचला उठलेली बाई, दहाला कोळपणी करणारा शेतकरी, दुपारी दोनला ओसरीवर टेकलेली आजी आणि संध्याकाळी सहाला एसटीतून उतरणारा नोकरदार यांना हवं असलेलं वेगळं असतं. म्हणून क्यू शीट, म्हणजे कोणत्या वेळी काय वाजणार याचा क्रमवार तक्ता, लिहायला घेण्याआधी एका कागदावर तासातासाला कोण कुठे असेल, हात रिकामे असतील की कामात, घरात माणसं किती असतील, एवढंच लिहून काढा. निम्मी आखणी त्या कागदावरच होते.

पहाटे पाच ते सात बोलणं कमीत कमी ठेवा. काकडा, भूपाळ्या, एखादी सनई, दर अर्ध्या तासाला वेळ आणि दोन वाक्यं. पंढरपुरात पहाटे अडीचच्या सुमाराला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते आणि दर्शनाच्या रांगेतल्या एका वारकरी दांपत्याला पूजेचा मान मिळतो. लोकांना सकाळी उठल्यावर हे ऐकायचं असतं. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र घेता येतात. म्हणून सकाळच्या मराठी बातम्यांची वेळ क्यू शीटवर पहिल्यांदा पक्की करा आणि बाकीचं तिच्याभोवती बसवा. सण-उत्सवांचं वार्तांकन, हवामान, वाहतूक, पाणी-विजेच्या सूचना यांना बातम्या समजत नाहीत. त्या खुशाल द्या.

सात ते नऊ हा तुमचा सर्वांत मोठा श्रोतृवर्ग. इथे लोकांच्या आवडीचे आवाज हवेतच. भीमसेन जोशी, किशोरी आमोलकर, माणिक वर्मा, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांना 'हलकंफुलकं' म्हणून दुपारी ढकलायची एक खोड शहरी केंद्रांना आहे, ती तुम्ही लावून घेऊ नका. गावातला माणूस ज्या आवाजाबरोबर गुणगुणतो त्याचा मान सकाळचाच. दोन नियम मात्र भिंतीवर लावा: एक अभंग दिवसातून एकदाच, आणि एकच गायक तासाभरात दुसऱ्यांदा नाही. चार माणसं पाळीपाळीने बसली की प्रत्येक जण आपल्या आवडीचा तोच अभंग लावतो आणि संध्याकाळपर्यंत तो सहा वेळा वाजलेला असतो. वही ठेवली की हे टळतं.

हक्कांचं इथेच सांगतो. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण ते गायलेल्या ध्वनिमुद्रणावर असतो, प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. केंद्राचा परवाना नेमका कोणत्या संगीतासाठी आहे हे महिनाभर आधी पाहून घ्या. आणि खरं सांगायचं तर या दिवशी तुमची खरी दौलत तुमच्या पंचक्रोशीतली भजनी मंडळं आहेत. त्यांच्याकडून लेखी संमती घ्या आणि त्यांना रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सामुदायिक केंद्रांचे एकादशीचे कार्यक्रम सर्वांत जास्त इथेच बिघडतात. भजनी मंडळाच्या मधोमध फोन ठेवून मुद्रण केलं की नंतर नुसते टाळ ऐकू येतात. टाळांचा आवाज टोकदार असतो, तो माइकला आधी गाठतो आणि बुवांचा आवाज मागे पडतो. मुख्य गायकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला एक माइक ठेवा. टाळकऱ्यांना त्या माइकपासून दोन-तीन मीटर मागे अर्धवर्तुळात उभं करा. त्यांना वाईट वाटत नाही, कारण वारकरी भजनात ते तसेच उभे असतात. पखवाजाला वेगळा माइक मिळाला तर उत्तम, नाहीतर पखवाज गायकाच्या बाजूला, टाळांच्या पुढे. लेव्हल शांत भागावर लावू नका. मंडळाला शेवटचा गजर टिपेला नेऊन एकदा म्हणायला सांगा, त्या वेळी मीटरचा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा आणि मग तिला हात लावू नका. फाइल वॅव्हमध्येच, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या स्वरूपात ठेवा. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत टाळांचा नाद जातो आणि पाण्याची सुरसुर उरते. देवळाच्या गाभाऱ्यात आवाज घुमतो, म्हणून मुद्रण सभामंडपात करा. पंखे बंद करा. आणि भजन संपल्यावर अर्धा मिनिट कुणीही न हलता रेकॉर्डर चालू ठेवा. त्या देवळाची ती शांतता नंतर जोडकामाला फार उपयोगी पडते.

नऊ ते बारा हा कामाचा काळ. आषाढी ऐन खरिपात येते. कुठे पेरणी उरकलेली असते, कुठे दुबार पेरणीची भीती असते. या वेळेत हवामानाचा अंदाज आणि शेतीचा सल्ला टाळून चालणार नाही. सण म्हणून तो गाळणारी केंद्रं शेतकऱ्यांचे श्रोते गमावतात. पण तो सणाच्या सुरातही बसवता येतो. सावता माळी आपल्या मळ्यात राबत होते, गोरोबाकाका मडकी घडवत होते, नरहरी सोनारकाम करत होते, सेना न्हाव्याचं काम करत होते, जनाबाई दळणकांडण करत होत्या. या संतांची आजची माणसं तुमच्या तालुक्यात आहेत. भाजीचा मळा असलेली एक बाई, आव्याजवळ बसलेला एक कुंभार, दुकान उघडण्याआधी एक नाभिक यांच्याशी पाच-पाच मिनिटांची बातचीत करा. भक्तीविषयी एकही प्रश्न विचारू नका, कामाविषयी विचारा. माती कुठून आणता, पाऊस पडला की भट्टीचं काय होतं, मुलगा हे काम पुढे नेणार का. त्यांच्या बोलण्याच्या शेवटी त्या संताचा अभंग लावा. निवेदकाने मध्ये जोडवाक्य घालायची गरज नाही.

इथे एक आरोग्याची गोष्ट. उपवास आणि मधुमेह यावर डॉक्टरांची मुलाखत एकादशीला सकाळी अकराला लावण्याची पद्धत आहे. तोवर उपवास सुरू झालेला असतो, गोळी घेतलेली असते किंवा चुकवलेली असते. ही मुलाखत दशमीच्या संध्याकाळी लावा. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डोस आधी डॉक्टरांना विचारून घ्यावा, आणि घाम, थरथर, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास बाजूला ठेवून लगेच साखर खावी, हे दोन मुद्दे ठसले तरी पुरे. भगरीचंही तसंच. जुनी, ओल धरलेली भगर किंवा तिचं सुटं पीठ यांत बुरशी वाढून विषबाधा होते आणि महाराष्ट्रात उपवासाच्या दिवसांत असे प्रकार होत आलेत. लोक भगर दशमीला विकत घेतात, म्हणजे सांगायची वेळही दशमीचीच. एकादशीला फक्त दीड मिनिटाची आठवण, तीन वेळा.

दुपारी बारा ते चार या काळाला बरेच जण 'मेलेला वेळ' म्हणतात आणि तिथे गाण्यांची यादी लावून जेवायला जातात. मी याच्या अगदी उलट सांगेन. दुपारी घरात जी माणसं असतात, म्हातारी, आजारी, घरकामातून नुकत्या सुटलेल्या बाया, ती सर्वांत मन लावून ऐकतात. त्यांना लांब कार्यक्रम चालतो. जात्यावरच्या ओव्या इथे लावा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत विठ्ठल-रुखमाईच्या आणि पंढरीच्या वाटेच्या ओव्या भरपूर आहेत. तुमच्या गावातही सत्तरीच्या पुढच्या दोन-तीन बाया नक्की असतील ज्यांना त्या येतात. त्यांना स्टुडिओत बोलावू नका. त्यांच्या घरी जा, जातं असेल तर फिरवायला सांगा, कारण हात फिरू लागला की ओवी आपोआप आठवते. विठ्ठल भाऊ होतो, माहेर पंढरपुरात जातं, रुखमाई रुसते. ते ऐकताना दुपारच्या घरात जे होतं ते कुठल्याही मान्यवराच्या भाषणाने होत नाही.

कीर्तन याच वेळेत लावा. वारकरी कीर्तन दोन तासांचं असतं, तुमच्याकडे अट्ठावीस मिनिटांची जागा असेल. मग कात्री कुठे लावायची? दृष्टांताच्या मध्ये कधीच नाही. गोष्ट अर्धी तोडली की ऐकणारा चिडतो. गजर सुरू होतो तिथे आत जा आणि गजर संपतो तिथे बाहेर या. सुरुवातीचा अभंग, एक पूर्ण दृष्टांत आणि शेवटचा गजर एवढं ठेवलं तरी कीर्तन पुरं वाटतं. कापलेली प्रत आधी कीर्तनकारांना ऐकवा. बहुतेक जण मोठ्या मनाने मान्य करतात, आणि एखाद्याने एक वाक्य परत घालायला सांगितलं तर ते वाक्य सहसा महत्त्वाचंच असतं. थेट प्रक्षेपणात जोखीम अशी की बोलण्याच्या ओघात एखाद्या धर्माबद्दल किंवा बायकांबद्दल लागट वाक्य जातं, कधी चमत्काराच्या नावाखाली औषधं बंद करायला सांगितलं जातं. सामुदायिक रेडिओच्या नियमांत यातलं काहीही बसत नाही. अंधश्रद्धेला खतपाणी घालणारं प्रसारण त्यांत स्पष्टपणे मना आहे. म्हणून कीर्तन रेकॉर्ड केलेलंच घ्या.

आता तुमच्या गावातून वारीला गेलेली माणसं. हा दिवसाचा गाभा आहे, आणि लहान केंद्राला मोठ्या केंद्रापेक्षा जास्त चांगला जमणारा कार्यक्रमही हाच. दिंडीबरोबर गेलेल्यांकडून फोनवर आवाजी निरोप मागवा. सूचना एवढीच द्या: तंबूच्या किंवा ट्रकच्या आडोशाला उभं राहा, वाऱ्याकडे पाठ करा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, नाव-गाव सांगा आणि घरच्यांना जे सांगायचं ते सांगा. "पाय बरे आहेत, म्हशीला वैरण घाला" एवढा निरोपही सोन्यासारखा असतो. बारा ते पंधरा निरोप एकत्र बांधले तर वीस मिनिटं होतात. संध्याकाळी सहानंतर लावा, जेव्हा घरात सगळे असतात. ज्या घरांचे निरोप आहेत त्यांना वेळ आधी कळवा.

वारी म्हटलं की प्रसारणात आळंदी आणि देहूच येतात. त्या पालख्या मोठ्या आहेतच. पण तुमचं केंद्र खानदेशात असेल तर तुमच्या लोकांची पालखी मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताबाईंची असते. नाशिककडे त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, मराठवाड्यात पैठणहून नाथांची, विदर्भात शेगावहून गजानन महाराजांची. तुमच्या रस्त्याने गेलेल्या पालखीला दिवसाच्या मध्यभागी ठेवा. तिचा आवाज तुम्ही पंधरा दिवस आधी मुद्रित केलेला असायला हवा. एकादशीच्या दिवशी ती पंढरपुरात असते आणि तुम्ही स्टुडिओत.

माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होते. हजारो टाळ वाजत असतात आणि चोपदार दंड उंचावतात. आवाज तुटत जातो. आधी जवळचे टाळ थांबतात, मग लांबचे, मग सगळा तळ गप्प. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवत राहते, आणि तेवढ्यावरून चोपदारांना कळतं कुठे जायचं ते. तक्रार ऐकली जाते, मग तेही टाळ शांत होतात. रेडिओसाठी याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही. पण बहुतेक मुद्रणांत निवेदक त्या शांततेवर बोलतो. "आता सगळीकडे शांतता पसरली आहे" असं म्हणतो आणि ती शांतता घालवतो. जे सांगायचं ते दंड उंचावण्याआधी सांगून संपवा. पुढची मिनिटं माइकला ऐकू द्या. कन्सोलवरच्या मुलालाही आधी सांगून ठेवा, नाहीतर काटा खाली गेला म्हणून तो घाबरून गाणं लावेल. रिंगणालाही हेच लागू. अश्वाच्या टापा जवळ येतात, समोरून जातात, लांब होतात, मग गर्दीचा आवाज उठतो. त्यावर विशेषणं नकोत.

ज्यांचा हा सण नाही त्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या व्यवस्थापनाने विचारला नसला तरी मी विचारतो, कारण तुमचं केंद्र सगळ्या गावाचं आहे. 2023 मध्ये 29 जूनला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, आणि अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला आषाढी आणि मोहरमची दहावी तारीख एकत्र आली. इस्लामी वर्ष साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतं, आपल्याकडे अधिक मास तिथीला पुढे ढकलतो, म्हणून हे दरवर्षी बदलतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, आषाढी 25 जुलैला आहे. दोन्ही पंचांगं वर्षाच्या सुरुवातीलाच शेजारी ठेवून पाहा. तारखा जुळल्या तर मोहरमसाठी स्वतंत्र, सन्मानाचा वेळ ठेवा. मोहरमची दहावी हा इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा, शोकाचा दिवस. त्याच्या 'हार्दिक शुभेच्छा' द्यायच्या नसतात. निवेदकांना हे लेखी द्या, कारण थेट प्रसारणात सवयीने तोंडून जातं. आपल्या कित्येक गावांत ताबुतांपुढे हिंदू घरंही नवस फेडतात, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद संतपरंपरेत मानाने बसलेले आहेत. ही सामग्री इथलीच आहे, ओढूनताणून आणावी लागत नाही. शिवाय त्याच आठवड्यात आषाढी पौर्णिमा येते, बौद्ध वस्त्यांमध्ये वर्षावास सुरू होतो. त्याची आखणी याच बैठकीत करून टाका.

रात्री आठ ते दहा मुलांना द्या. शाळांच्या दिंड्या सकाळी निघालेल्या असतात, त्यांचे आवाज, त्यांनी म्हटलेलं एखादं भारूड. नाथांची भारुडं रेडिओवर छान रंगतात, फक्त सोंग दिसत नसल्यामुळे सुरुवातीला दोन वाक्यांत सांगावं लागतं. मग हरिपाठ, त्याला अर्धा-पाऊण तास द्या. शेवटी पसायदान. ते मध्येच आवाज हळूहळू उतरवून तोडायचं नाही. त्यासाठी चार मिनिटं आधीच राखून ठेवा आणि काही लांबलं तर दुसरं काही कापा.

मनुष्यबळाचं गणित थोडक्यात. सतरा तासांपैकी अकरा-बारा तास दशमीच्या संध्याकाळपर्यंत तयार, क्रमांक घातलेले, दोन ठिकाणी साठवलेले असले पाहिजेत. थेट बोलणं फक्त सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ. दोन-दोन जणांच्या दोन पाळ्या करा. जुलैत वीज जाते, म्हणून यूपीएस आणि जनरेटर आदल्या दिवशी भार टाकून तपासा. तीन, पाच आणि आठ मिनिटांचे वाद्यसंगीताचे फिलर, म्हणजे अचानक रिकामी पडलेली वेळ भरायचे तुकडे, हाताशी ठेवा. निवेदन लिहून काढा. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्द धरले की वेळ चुकत नाही.

चातुर्मासाबद्दल एक सुचवतो. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके दर आठवड्याला एक गीत देत गेले आणि छप्पन्न गीतं झाली. तेवढी झेप तुमच्याकडून कुणी मागत नाही. पण सणाच्या दिवशी सुरू झालेली साप्ताहिक मालिका लोक धरून ठेवतात. आषाढी ते कार्तिकी साधारण सतरा आठवडे होतात. दर एकादशीपुरतं न थांबता, दर आठवड्याला दहा मिनिटं, एका गावचं एक भजनी मंडळ. पहिला भाग आषाढीला संध्याकाळी लावा.

आणि त्या रात्री घरी जाण्याआधी एक काम. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहेच, पण ओव्या, निरोप आणि भजनं यांच्या फाइलना तिथल्या तिथे नावं द्या: गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, संमती घेतली की नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं असतं, सगळे दमलेले असतात, आठवड्याने कुणाला कुठला आवाज कुणाचा ते सांगता येत नाही. ओवी म्हणणाऱ्या आजींच्या घरी त्यांच्या मुद्रणाची एक प्रत पोचवायची आहे, हेही त्याच वहीत लिहा.